पायथन कधी बदलायचं? आधी जिनिंगचा हंगाम बघा

धुळ्याच्या एका मित्राचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आम्ही तिघं जण कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलसाठी सॉफ्टवेअर करतो. कापसाची आवक, मॉइश्चर कपात, गाठी, सरकी, शेतकऱ्याचं बिल, सगळं त्यात आहे. भाषा पायथन ३.८, तिच्यावरचा तयार सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क जँगो ३.२, सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम उबंटू २०.०४. आमचे सर म्हणतात, चालतंय ना, मग हात लावू नका. नवीन आलेला मुलगा म्हणतो, थेट ३.१४ वर जाऊ. त्यात एका मिलमध्ये भुईकाट्यावरचा (गाडीसकट माल मोजायच्या काट्यावरचा) पीसी विंडोज ७ चा आहे आणि मालक तो बदलू देत नाही. नवं व्हर्जन नेमकं कधी घ्यायचं?"

मी जळगावात वीसेक वर्षं हेच काम करतोय. गिऱ्हाईकं म्हणजे जिनिंग, डाळ मिल आणि रावेर-यावलकडचे केळीचे व्यापारी. ऑफिसात आम्ही चौघं. हे आधी सांगतो, कारण पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीत या कामासाठी वेगळी टीम असते. आपल्याकडे जो कोड लिहितो तोच काट्यावर जाऊन केबल बदलतो. तिकडचे नियम जसेच्या तसे इकडे लागू पडत नाहीत.

तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात आणि तुमच्या ऑफिसात ते एकमेकांत मिसळलेत. तुम्ही आज ज्यावर उभे आहात त्याची डागडुजी दुसरं कोणी अजून करतंय का, हा एक. बदल करायला तुमचा आणि गिऱ्हाईकाचा हात मोकळा कधी असतो, हा दुसरा. "नवं चांगलं की जुनं चांगलं" हा वाद यात कुठेच येत नाही. सर आणि तो मुलगा मात्र नेमके त्यावरच भांडताहेत.

पहिला प्रश्न सालदारासारखा आहे. आपल्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचं साल ठरतं आणि पुढच्या अखाजीला संपतं. साल संपल्यावर तो गोठ्यात दिसला तरी त्याच्यावर तुमचा हक्क नसतो. पायथन ३.८ चं साल, म्हणजे बनवणाऱ्यांकडून दुरुस्त्या मिळायची मुदत, ऑक्टोबर २०२४ मध्येच संपलं. जँगो ३.२ चं त्याआधी, एप्रिल २०२४ मध्ये. उबंटू २०.०४ चं नेहमीचं साल २०२५ मध्ये. म्हणजे "चालतंय ना" हे खरं असलं तरी त्यात उद्या भोक सापडलं तर बुजवायला कोणी येणार नाही. सरांना हे या शब्दांत सांगून बघा. "व्हर्जन जुनं झालं" म्हटलं की त्यांना तुम्ही हौस करताय असं वाटतं.

आता काय कशावर अवलंबून आहे ते बोलू. सर्व्हर मिलच्या आतच असेल, बाहेरच्या इंटरनेटवर उघडा नसेल, तर घाई कमी. मालक मुंबईत बसून मोबाईलवर आवक बघतो म्हणून तो उघडा ठेवला असेल, तर घाई जास्त. येत्या वर्षात हे सॉफ्टवेअर बंदच करून दुसरं द्यायचं असेल, तर अजिबात हात लावू नका, सरांचंच ऐका. कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट लिहिलेल्या आहेत का, यावरही बरंच ठरतं. पण तुम्ही तिघं म्हणालात, त्यावरून अंदाज करतो की थोड्या आहेत आणि त्याही जुन्या. आमच्याही तशाच होत्या.

सरांच्या म्हणण्यात निम्मं तथ्य आहे. ते कुठलं, हे मी स्वतः हात पोळून शिकलो.

पायथन २ चं साल १ जानेवारी २०२० ला संपणार हे आम्हाला बरीच वर्षं माहीत होतं. मुळात ते २०१५ ला संपायचं होतं, ते पाच वर्षं वाढवलं गेलं आणि आम्ही त्या वाढीव पाच वर्षांत निवांत झोपलो. जाग आली नोव्हेंबर २०१९ मध्ये. काटापूजन, म्हणजे हंगाम सुरू करताना होणारी काट्याची पूजा, होऊन गेलेलं, मिलच्या गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि आम्ही एका रविवारी रात्री सर्व्हर पायथन ३ वर नेला. कोड आपोआप बदलून देणारं टूल तेव्हा पायथनसोबतच यायचं. त्याने ढोबळ गोष्टी बदलून दिल्या. पूर्णांकांचा भागाकार आता अपूर्णांकात येतो, हे आम्हाला माहीत होतं, ते हाताने शोधून दुरुस्त केलं. दहा-बारा नमुना बिलं काढून पाहिली, सगळी बरोबर आली. सकाळी सहाला घरी जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिलच्या मुनीमजींचा फोन. "भाऊ, तुमचा कॉम्प्युटर शेतकऱ्याचा रुपया खायला लागला का?"

१२.३५ क्विंटल कापूस, भाव ५,४३०. गुणाकार ६७,०६०.५०. मुनीमजींच्या हिशेबाने बिल ६७,०६१ चं, आमच्या बिलात ६७,०६०. कारण असं की पायथन २ मधलं राउंड पन्नास पैशाला वरचा रुपया धरायचं, म्हणजे शाळेत शिकवतात तसं. पायथन ३ मध्ये बरोबर अर्ध्यावर आलं की ते जवळचा सम आकडा घेतं. त्यामुळे ६७,०६०.५० चे ६७,०६० होतात, पण ६७,०६१.५० चे दोन्हीकडे ६७,०६२ च येतात. म्हणजे पन्नास पैशावर संपणाऱ्या बिलांतही काही बरोबर, काही एक रुपयाने कमी. आमच्या दहा-बारा नमुन्यांत पन्नास पैशावर संपणारं एकही बिल नव्हतं. मुनीमजी मात्र प्रत्येक बिल कॅल्क्युलेटरवर पडताळत होते.

पैशाचा हिशेब फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवणं ही आमची जुनीच चूक होती, नव्या व्हर्जनने ती फक्त चव्हाट्यावर आणली. आता सगळे पैसे डेसिमलमध्ये, म्हणजे नेमके दशांश ठेवणाऱ्या प्रकारात, आहेत आणि "अर्ध्याला वर" हा नियम आम्ही कोडमध्ये स्वतः लिहून ठेवलाय, भाषेच्या मर्जीवर सोडलेला नाही. पण त्या आठवड्यात आम्ही दीडशेच्या वर बिलं हाताने दुरुस्त केली आणि गेटवर शेतकऱ्यांना रुपया-रुपया परत दिला. रुपयाचं कोणाला काही नव्हतं. काट्यावरचा विश्वास जातो, त्याचं होतं.

यातून मी धडा घेतला तो "नवं घेऊ नका" असा नाही. हंगामात घेऊ नका, आणि घेण्याआधी जुनी बिलं पुन्हा चालवून बघा, एवढाच.

हे जुनी बिलं चालवणं जरा सविस्तर सांगतो, कारण लहान टीमसाठी याच्याइतकं स्वस्त हत्यार मला दुसरं सापडलेलं नाही. गेल्या हंगामाच्या डेटाबेसची कॉपी घ्या. शेतकऱ्यांची नावं आणि मोबाईल नंबर त्यातून पुसून टाका. मग एक छोटी स्क्रिप्ट लिहा: हंगामातलं प्रत्येक बिल पुन्हा काढायचं आणि बिल नंबर, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, कपात, निव्वळ वजन, रक्कम अशी एक ओळ फाइलमध्ये टाकायची. तीच स्क्रिप्ट जुन्या पायथनवर चालवा, नव्यावर चालवा, आणि दोन फाइलींतला फरक काढा. आमच्या एका मिलचं अठरा हजार बिलांचं काम पाऊण तासात होतं. फरक शून्य यायला हवा. शून्य नसेल तर फरकाच्या प्रत्येक ओळीचं कारण तुम्हाला सांगता यायला हवं. "किरकोळ आहे" हे कारण धरायचं नाही, आमचा रुपयाही किरकोळच होता.

यात खरी किंमत विचित्र नोंदींना असते. रद्द केलेली बिलं, अर्धी गाडी परत गेलेली, २९ फेब्रुवारीची नोंद, मॉइश्चरची जागा रिकामी सोडलेली. आपण टेस्ट लिहायला बसलो तर असलं काही सुचत नाही, मुनीमजींच्या हातून मात्र आपोआप होतं. म्हणून नमुना निवडत बसू नका, सगळा हंगाम चालवा.

छापील पावती मात्र डोळ्यानेच बघावी लागते. आमच्या केळीच्या व्यापाऱ्यांच्या पावतीवर मालाचं नाव मराठीत. "केळी" हा शब्द तुम्हा-आम्हाला दोन अक्षरांचा दिसतो. पायथन २ त्याची लांबी बारा सांगायचं, कारण ते बाइट मोजत होतं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथन ३ चार सांगतं, कारण ते क, मात्रा, ळ, वेलांटी असं वेगवेगळं मोजतं. दोघांच्याही हिशेबाने पावतीचे रकाने वाकडेच. पण आमच्या आधीच्या पोराने बाराच्या हिशेबाने जागा सोडून रकाने कसेबसे सरळ केलेले, ते नव्या व्हर्जनने पुन्हा वाकडे केले. असली जुगाडं कुठे कुठे आहेत, ते अपग्रेड करताना कळतं.

आता हंगामाकडे येऊ. ३.९ पासून पायथनचं नवं व्हर्जन दरवर्षी ऑक्टोबरात येतं. आपल्याकडे दसऱ्याच्या आगेमागे काटापूजन होतं आणि मिलचा भोंगा सुरू होतो. यापेक्षा वाईट मुहूर्त शोधूनही सापडणार नाही. मार्च-एप्रिलपर्यंत आवक ओसरते. अखाजीनंतर मिलवाले रोलर काढतात, मशीन उघडतात, बेअरिंग बदलतात. आपल्या सॉफ्टवेअरचं मशीनही तेव्हाच उघडायचं. ऑक्टोबरचं व्हर्जन मे महिन्यात सात महिन्यांचं झालेलं असतं. सुरुवातीच्या काळात साधारण दर दोन महिन्यांनी दुरुस्त्या येतात, त्या तीन-चार आलेल्या असतात, आणि तुम्ही वापरता त्या लायब्ररीवाल्यांनीही (म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड देणाऱ्यांनी) तोवर जुळवून घेतलेलं असतं. जूनमध्ये काही बिघडलंच, तर पुढच्या काटापूजनापर्यंत चार महिने हातात राहतात. केळीवाल्यांचं वेगळं आहे. मृगबाग, कांदेबाग मिळून त्यांची कटाई जवळपास वर्षभर चालते आणि उन्हाळ्यातच त्यांची जास्त धावपळ. त्यांच्याकडे मी थंडीत जातो. डाळ मिल, दूध संकलन, सराफ, प्रत्येकाचा असा एक ढिला महिना असतो. तो मालकाला नका विचारू, मुनीमजींना विचारा.

दरवर्षी बदलायलाच हवं असंही नाही. पायथनचं व्हर्जन पाच वर्षं जगतं. मी एक अखाजी सोडून एक असं करतो. असं हंगामानंतर पहिल्यांदा केलं तेव्हा आम्हाला तीन आठवडे लागले होते, आता पाच-सहा दिवसांत उरकतं.

मग कुठल्या व्हर्जनवर जायचं? हे आपण ठरवत नाही, सोबतचा सगळ्यात हळू चालणारा ठरवतो. तुमचा हळू बैल जँगो ३.२ आहे. तो पायथन ३.१० पर्यंतच अधिकृतपणे चालतो. म्हणून त्या मुलाचं "थेट ३.१४" कागदावरसुद्धा बसत नाही. पण वाटेत एक चांगली पायरी आहे. जँगो ४.२ हे ३.८ वरही चालतं आणि ३.१२ वरही. तर आधी पायथन ३.८ तसंच ठेवून जँगो ४.२ वर या. बिलं चालवा, फरक बघा. मग जँगोला हात न लावता पायथन ३.१२ करा. पुन्हा बिलं चालवा. मग जँगो ५.२. ४.२ वर मुक्काम करू नका, त्याचं साल एप्रिल २०२६ पर्यंतचंच. ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंत आधार आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक आला तर तो कोणामुळे आला यावर वाद होत नाही.

३.१२ च का, ३.१३ किंवा ३.१४ का नाही? उबंटू २४.०४ मध्ये ३.१२ आयतं येतं. त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या उबंटूच्या रोजच्या अपडेटमध्ये येऊन पडतात. ३.१४ तुम्ही स्वतः बसवलंत तर प्रत्येक दुरुस्ती प्रत्येक मिलच्या सर्व्हरवर तुम्हीच नेणार. तिघांच्या ऑफिसात हे कोणी करत नाही. पहिले दोन महिने होतं, मग राहून जातं. ३.१२ चं साल ऑक्टोबर २०२८ पर्यंत आहे, तेवढं तुम्हाला पुरतं. तुम्ही सगळं डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात बांधून) चालवत असाल आणि ते डबे, म्हणजे इमेज, नियमाने नव्या बनवत असाल, तर माझा हा मुद्दा बराच ढिला पडतो. मग ३.१३ घ्या, हरकत नाही.

३.१२ वर जाताना दोन ठिकाणी ठेच लागेल. लायब्ररी बसवायला लागणारा डिस्टयुटिल्स हा जुना भाग त्यातून काढून टाकलाय, त्यामुळे जुन्या लायब्ररी इन्स्टॉल होतानाच अडतात. आणि सी भाषेत लिहिलेले भाग असलेल्या लायब्ररी, म्हणजे आकडेमोडीची नमपाय किंवा पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणारी, यांचं नव्या पायथनसाठी तयार बांधलेलं पॅकेज आहे का ते आधी बघा. नसलं तर थांबा. सर्व्हरवर कंपायलर बसवून जुळवाजुळव करत बसू नका. त्याआधी एक सोपं काम करा: आजच्या ३.८ वरच सगळ्या वॉर्निंगना एरर समजून टेस्ट चालवा. पुढे काय काय मोडणार, त्यातलं बरंचसं पायथन तुम्हाला आधीच सांगत असतं, आपण लॉगमध्ये ते वाचत नाही.

वेग वाढेल का, असं मिलवाले हमखास विचारतात. ३.११ मध्ये आधीपेक्षा सरासरी २५ टक्के वेग वाढला असं पायथनवाल्यांच्याच बेंचमार्कमध्ये आहे. आमच्या बिलांच्या स्क्रीनवर मला तो जाणवला नाही. आमचा वेळ डेटाबेसमध्ये जातो, तिथे शोध जलद करणारा एक इंडेक्स टाकला तेव्हा खरा फरक पडला. वेगाचं आमिष दाखवून सरांचा होकार मिळवू नका. मागाहून तोंडघशी पडाल.

दुसऱ्या भाषांत काम करणाऱ्यांसाठी एवढंच: विचार तोच, ठेचा वेगळ्या. पीएचपी ८ मध्ये शून्य आणि "एबीसी" सारखी स्ट्रिंग आता समान धरली जात नाही, आधी धरली जायची. जुन्या फॉर्मच्या तपासण्यांत हे चुपचाप उलटं होतं. जावात स्प्रिंग बूट ३ या फ्रेमवर्कला किमान जावा १७ लागतं, म्हणजे तिथेही भाषा कधी बदलायची ते फ्रेमवर्क ठरवतं.

तुमचा हंगाम आत्ता भरात असेल तर मेपर्यंत काय? सर्व्हर बाहेरून बंद करा, मालकाला व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायचा खाजगी सुरक्षित रस्ता, द्या. उबंटू प्रो ही वाढीव आधाराची योजना चालू केलीत तर २०.०४ च्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतात, आणि त्या मशीनवरचं उबंटूचं स्वतःचं पायथन ३.८ त्यात येतं. पिपने (पायथनच्या लायब्ररी बसवायच्या साधनाने) बसवलेलं जँगो त्यात येत नाही, हे विसरू नका. म्हणून ही मलमपट्टीच समजा.

आणि सर. त्यांची भीती पैशाची आहे, तांत्रिक नाही. हे काम फुकटात होतं म्हणून ते नको म्हणतात. आम्ही २०२१ पासून एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, कागदावर एक ओळ टाकतो: "हंगामानंतर सर्व्हरची वार्षिक दुरुस्ती, सहा दिवस." एकाही मिलमालकाने त्यावर घासाघीस केली नाही. रोलर बदलायला पैसे लागतात हे त्याला कळतं. आणि उलट बाजू दाखवायची असेल तर मी आमच्याकडच्या एका डाळ मिलची गोष्ट सांगतो. त्यांचं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवरचं खातं इतकी वर्षं सुरेख चाललं की कोणी हात लावला नाही. मायक्रोसॉफ्टचा फॉक्सप्रोला आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला, तरी चालतच राहिलं. मग जुना प्रिंटर गेला. नवा प्रिंटर त्या मशीनला ओळखेना, नवं मशीन त्या सॉफ्टवेअरला ओळखेना. शेवटी एका प्रिंटरपायी सगळं नव्याने लिहावं लागलं, तेही ऐन तुरीच्या आवकेत.

त्या नव्या मुलाला नाराज करू नका. बिलं चालवायची स्क्रिप्ट त्यालाच लिहायला द्या. ३.१४ त्याच्या लॅपटॉपवर चालवू द्या, तिथे काय मोडतं त्याची यादी पुढच्या फेरीला कामाला येते.

राहिला विंडोज ७ चा पीसी. ३.८ हे विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन आहे, ३.९ तिथे बसतच नाही. म्हणजे मालक अडून बसलाय तोवर तो पीसी ३.८ वरच राहणार, त्यात मार्ग नाही. पण त्याच्यासाठी सर्व्हर मागे ठेवू नका. काट्याच्या सिरियल पोर्टवरून वजन वाचायचं आणि मिलच्या आतल्या नेटवर्कवरून सर्व्हरला साध्या मजकुरात पाठवायचं, एवढाच दोनशे ओळींचा वेगळा प्रोग्रॅम त्या पीसीवर ठेवा. सर्व्हरचा कोणताही सामाईक कोड त्यात आणू नका, नाहीतर एका पीसीसाठी तुमचं सगळं घर ३.८ मध्ये अडकेल. त्याचं इंटरनेट तोडा, पेन ड्राइव्ह बंद करा. आणि त्याच्या हार्ड डिस्कची कॉपी मेपर्यंत थांबवू नका, याच आठवड्यात काढा. काट्याच्या पत्र्याच्या केबिनमधला तो पीसी किती उन्हाळे काढतो याचा नेम नाही.